टेबल फिरवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवाच कळलं. गर्भपिशवीला आधार म्हणून आत बसवलेली आईची रिंग काढून, धुऊन परत बसवायची होती म्हणून आम्ही ग्रामीण रुग्णालयात आलो होतो. आईनं दारातूनच तुम्हाला हाक मारली, तर आत दुसऱ्याच सिस्टर. आईचा चेहरा एवढासा झाला. तुमचा फोन नंबर मागावा असं मनात आलं होतं, पण कोणाचा नंबर असा परस्पर घेणं बरं दिसत नाही. म्हणून हे उघड पत्र. कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

आई आठवते का तुम्हाला? नऊवारीतली, उंच, ओपीडीच्या बाकावर कडेला अंग चोरून बसलेली. काय होतंय विचारलं तर ‘लघवीचा त्रास हाय’ एवढंच सांगून गप्प झालेली.

खरं दुखणं निराळं होतं. तिचं अंग बाहेर येत होतं. चार बाळंतपणं, चारही घरी, आणि उठली की लगेच पाण्याच्या खेपा. वय झाल्यावर आतला आधार सैल पडतो आणि गर्भपिशवी खाली सरकते, हे मला फार उशिरा समजलं. लघवीला बसायचं तर ती हातानं आत ढकलायची, मग मोकळं व्हायचं. मी तिची सख्खी लेक, पण मलासुद्धा हे तीन वर्षांनी कळलं. तेही दोरीवर सतत वाळत असलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या बघून.

तेव्हाच तिला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. नाव घेत नाही. डॉक्टर बाईच होत्या, बोलायलाही चांगल्या. आईला टेबलावर घेतलं. टेबलाची पायाची बाजू दाराकडे. घडीचा पडदा होता, पण मिटून भिंतीला टेकवलेला. तपासणी चालू असताना दार तीनदा उघडलं. एकदा एक पोरगा रिपोर्ट घेऊन आला. एकदा कोणीतरी बाई आपला नंबर आला का बघायला डोकावल्या. तिसऱ्यांदा दार उघडंच राहिलं आणि समोरच्या बाकावर पुरुष बसलेले. मी धावत जाऊन दार लोटेपर्यंत आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. अंगावर घ्यायला चादर नव्हती, म्हणून तिनं तोंड झाकलं.

येताना एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर सहा वर्षं दवाखान्याचा विषय काढला की उठून चुलीकडे जायची. सहा वर्षं, सिस्टर. त्या सहा वर्षांत दुखणं वाढलं, जखम झाली, लग्नाकार्याला जाणं बंद झालं. लांबचा प्रवास तर नाहीच. आम्हाला वाटायचं, म्हातारी हट्टी आहे.

गावातल्या आशाताईंनी समजूत घातली म्हणून ती तुमच्याकडे आली. तीसुद्धा माझ्याकडून वचन घेऊन, की दार उघडलं तर उठून निघायचं.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी भिंतीशी उभी राहून बघत होते. तुमच्याही खोलीत टेबलाचे पाय दाराकडेच होते. आई उंबऱ्यावरच थांबली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग टेबलाकडे, मग दाराकडे. आणि म्हणालात, ‘आजी, थांबा जरा.’ मावशींना हाक मारलीत. दोघींनी मिळून ते लोखंडी टेबल ओढून फिरवलं. फरशीवर केवढा आवाज झाला! डोक्याची बाजू दाराकडे, पायाची बाजू आतल्या भिंतीकडे. दिव्याची वायर पुरेना, तेव्हा औषधांच्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड आणलात.

टेबल दाराकडे तोंड करून का असतं, हे मला त्या वायरीमुळे उमगलं. दिव्याचा प्लग दाराशेजारी. हात धुवायचं बेसिनही तिथंच, कारण नळाची लाईन त्या भिंतीतून येते. तपासणाऱ्याला दिवा आणि पाणी हाताशी हवं, म्हणून तो दाराकडच्या बाजूला उभा राहणार. आणि तो तिथं उभा राहणार म्हणून बाईचे पाय दाराकडे. त्या खासगी दवाखान्यातही बेसिन दारालगतच होतं, मला आता आठवतंय. कोणी मुद्दाम केलेलं नाही. गवंड्यानं आणि वायरमननं आपापल्या सोयीनं काम केलं आणि आतल्या बाईचा विचार त्यात कुठंच आला नाही. पण मुद्दाम केलेलं नसलं तरी सहा वर्षं माझ्या आईनं भोगली, हे खरंच आहे.

मग तुम्ही आतून कडी घातलीत. खिडकीच्या खालच्या तावदानांना कागद चिकटवलेलाच होता. पडदा ओढून त्याच्यामागे स्टूल ठेवलंत आणि आईला म्हणालात, ‘लुगडं सावकाश सोडा, घाई नाही. खिळ्याला अडकवा.’ सिस्टर, नऊवारी नेसणाऱ्या बाईला ‘साडी वर घ्या’ म्हणून भागत नाही. कासोटा सोडावा लागतो, आणि कासोटा सोडला की सगळंच सुटतं. हे तिला माणसांसमोर उभ्यानं करायला लागलं होतं त्या पहिल्या दवाखान्यात. तुम्ही तिला आडोसा दिलात, बसायला स्टूल दिलंत, लुगडं जमिनीला लागू नये म्हणून खिळा दाखवलात. कमरेपासून चादर घातलीत. डॉक्टर आल्यावर चादर लागेल तेवढीच बाजूला केलीत आणि स्वतः आईच्या उशाशी उभ्या राहिलात.

डॉक्टर पुरुष होते. मला धाकधूक वाटत होती. पण ते आत येण्याआधी तुम्ही आईला विचारलंत, ‘डॉक्टर दादा तपासतील, मी इथंच आहे, चालेल ना?’ आईनं मान हलवली. ते प्रत्येक वेळी सांगत होते, आता हात लावतो, आता जरा खोकून दाखवा. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. आईचं अंग ताठ झालं. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘कडी हाय. आणि उघडलं तरी त्यांना तुमचा अंबाडाच दिसंल.’

आई हसली. त्या टेबलावर, त्या अवस्थेत, ती हसली.

आणि मग बोलायला लागली. किती वर्षांपासून, काय केल्यावर वाढतं, रात्री कितीदा उठावं लागतं, सगळं. काही गोष्टी तर मीही पहिल्यांदा ऐकत होते. तुम्हीही आवाज खाली ठेवून विचारत होतात, केसपेपर पालथा ठेवला होता. बाहेरच्या रांगेला आतलं अक्षर ऐकू गेलं नाही. तिला साखर आहे, वय एकाहत्तर, म्हणून तूर्त ऑपरेशन नको, रिंग बसवू असं ठरलं. मऊ गोल रिंग, काही मिनिटांत बसली. आई टेबलावरून उतरली, दोन पावलं चालली आणि पुन्हा दोन पावलं चालली. खात्री करत होती.

घरी आल्यावर मी यावर बरंच वाचलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेली रुग्णहक्कांची सनद 2018 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं लोकांपुढं ठेवली. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क बाईला आहे, असं तीत स्पष्ट लिहिलंय. तुम्ही उशाशी उभ्या राहिलात तो आमचा हक्क होता, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, तुमची माया. 2017 पासून सरकारी प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे, त्यातही टेबलांच्या मध्ये पडदे असावेत असं सांगितलंय. कागदावर हे सगळं आहे. पण प्लग दाराजवळ असला तर वायर कुठून आणायची, हे कागदावर नसतं. ते तुम्ही केलंत.

वाचता वाचता आनंदीबाई जोशींपाशी येऊन थांबले. 1883 मध्ये अमेरिकेला जाण्याआधी बंगालातल्या सेरामपूरला त्यांनी भाषण केलं, की या देशात स्त्री डॉक्टर हव्यात. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या. त्याच 1886 मध्ये मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. एवढ्या जुन्या काळापासून आपल्या बायकांच्या संकोचाची काळजी कोणीतरी वाहतंय. माझ्या आईला त्या पहिल्या दवाखान्यात स्त्री डॉक्टर मिळाल्या होत्या, आणि तरीही ती तोंड झाकून पडून होती, हे मला फार लागलं. तुमच्याकडे डॉक्टर पुरुष होते आणि ती मोकळी झाली. दार, पडदा, चादर, आणि उशाशी एक बाई. बायकांना उपचार टाळायला लावणारी गोष्ट इतकी साधी असू शकते, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

आई आता एस.टी.नं पंढरपूरला जाऊन आली. भावकीतल्या लग्नात पंगतीला वाढायला उभी राहिली. तिनं आमच्या आळीतल्या दोघींना तुमच्याकडे पाठवलं. त्यातल्या एकीलाही तेच दुखणं निघालं. आईनं तिला काय सांगितलं असेल? औषधाचं नाही, डॉक्टरांचं नाही. ‘तितं दाराला कडी हाय,’ एवढंच.

परवा तुम्ही नव्हता, तेव्हा ती पुन्हा उंबऱ्यावर थांबली. मीही आत डोकावले. टेबल तुम्ही फिरवलं तसंच होतं, डोकं दाराकडे. फरशीवर जुन्या जागी पायांचे चार गंजाचे डाग अजून दिसतात. दिवा लावायला नव्या सिस्टर वाकल्या आणि खालच्या कप्प्यातून एक्स्टेन्शन बोर्ड काढला. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘आधीच्या सिस्टर सांगून गेल्यात, वायर इथंच ठेवायची, टेबल हलवायचं नाही.’

आईनं ते ऐकलं आणि पडद्यामागं जाऊन कासोटा सोडायला लागली.

ती म्हणते, तुम्ही जिथं असाल तिथलं गाव कळवा, भाजणीचं पीठ पाठवायचंय.

आपली,
नऊवारीतल्या आजींची लेक