सोनू, पार्टनर बदलायचं सध्या राहू दे

प्रिय सोनू,

काल फोनवर तू एवढी तापलेली होतीस की मी नुसतं हं हं करत बसलो, आणि तुझी आई शेजारून खुणा करायलेली की आत्ता काही बोलू नका, म्हणून आज कारखान्यात डिस्पॅचचं काम उरकल्यावर हे लिहायलोय. लांबेल जरा. प्रॅक्टिसच्या आधी वाचू नको, रात्री जेवून वाच.

सरांनी तुला सिंगल्समधनं काढून डबल्सला घातलं म्हणजे तुझी किंमत कमी केली असं तुझं म्हणणं. ह्याचं उत्तर छोटंय. आपल्याकडं बॅडमिंटनमध्ये पेपरात फोटो सिंगल्सवाल्यांचाच येतो, म्हणून लोकांना तसं वाटतं. 2010 ला दिल्लीच्या कॉमनवेल्थला ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पानं महिला डबल्सचं गोल्ड घेतलं, त्या प्रकारातलं भारताचं पहिलंच, आणि त्याच दिवशी सायनाचं पण गोल्ड आलं. आता जुळे सोलापुरात कुणालाही विचार, सायनाचंच नाव सांगतील. पण पुढच्याच वर्षी लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ह्याच दोघींनी ब्रॉन्झ आणलं. त्याच्या आधी त्या स्पर्धेत भारताला एकच मेडल मिळालेलं, प्रकाश पदुकोणचं, 1983 चं. सायना, सिंधू ह्यांची वर्ल्डची मेडलं त्यानंतरची आहेत. झालं, विषय संपला.

खरं बोलायचंय ते पार्टनरबद्दल.

तू पाठवलेली क्लिप मी परत परत पाहिली, ती दुसऱ्या गेमची, जिच्याखाली तू लिहिलंस की बघा पप्पा, अशी खेळते ही. शटल तिच्या अंगावर येतं, ती रॅकेट आडवी घालते, नेटमध्ये जातं. बरोबर, पॉइंट गेला तो तिच्या चुकीनं असं दिसतं. पण पाच सेकंद मागं जा की. तू जे उचललंस ते बॅकलाइनपर्यंत गेलंच नाही, अर्ध्या कोर्टातच पडायला लागलं, समोरच्या पोरीला स्मॅश मारायला आयतंच मिळालं, आणि तुझी पार्टनर बिचारी नेटजवळनं बाजूला सरकायच्या आत शटल पोटावर. तिनं काय करायचं होतं तिथं? डबल्समध्ये चूक एक जण करतो आणि दिसते दुसऱ्याची, हे आम्ही सकाळी हॉलवर पोट कमी करायला खेळणारे लोक पण रोज भोगतो. आणि त्यानंतर तू काय केलंस ते तुला माहीत नसेल. तू मान फिरवलीस आणि रॅकेटच्या तारा नीट करत बसलीस. समोरच्या दोघींनी ते बघितलं, पुढचे चार शॉट तिच्याकडंच मारले.

आता अश्विनीचंच सांगतो, कारण तिचा स्मॅश तुला आवडतो. लंडन ऑलिम्पिक, 2012. ग्रुपमध्ये तीन मॅच. जपानशी हरल्या, तैवानला हरवलं, सिंगापूरला हरवलं. तीनपैकी दोन जिंकून पण बाहेर! तीन जोड्यांचे विजय सारखे झाले, मग गेम, मग पॉइंट मोजत बसले, आणि आपल्या पोरी एका पॉइंटच्या फरकानं राहिल्या. जपान आणि तैवानच्या मॅचबद्दल संशय आला म्हणून भारतानं तक्रार पण केली, ती फेटाळली गेली, त्याच स्पर्धेत मुद्दाम हरायला लागलेल्या चार जोड्यांना बाहेर काढलेलं, म्हणजे वातावरण काय असेल विचार कर. आता मला सांग, तीन मॅचमधला तो एक पॉइंट कुणी घालवला? ज्वालानं का अश्विनीनं? सगळे व्हिडिओ घेऊन बसलीस तरी सापडणार नाही.

त्यानंतर ज्वालानं ब्रेक घेतला, अश्विनी आपल्या प्रज्ञा गद्रेबरोबर खेळली, मग ज्वाला आली तर परत तीच जोडी, 2014 ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थला सिल्व्हर, 2015 ला कॅनडा ओपन. ज्वाला डावखुरी, नेटवर हुशार, अश्विनी मागनं मारणारी. दोघी एकसारख्या असत्या तर कशाला चाललं असतं? तुझी पार्टनर तुझ्यासारखी नाही ही तुझी तक्रार आहे, सरांनी बहुतेक त्याचसाठी तुम्हाला एकत्र केलंय.

आणि 2018 ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थला, मिक्स्ड टीमची फायनल, मलेशियासमोर, पहिलीच मॅच मिक्स्ड डबल्सची. अश्विनी 28 ची आणि बरोबर सात्विक, सतरा वर्षाचं पोरगं! तोच अमलापुरमचा सात्विक, ज्याची मॅच असली की आपल्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी घरचा पोरगा खेळायलाय असं ओरडतात. तीन गेममध्ये जिंकले आणि टीमला गोल्ड. अश्विनीला सिक्की रेड्डीबरोबर त्याच गेम्समध्ये ब्रॉन्झ वेगळं. पुढं पॅरिसला ती 34 ची आणि तनिषा क्रास्टो 21 ची. तिथं तिन्ही मॅच हरल्या, अश्विनी रडली, हे आपलं शेवटचं ऑलिम्पिक म्हणाली. पण ऑलिम्पिकपर्यंत पोचल्या ना, तेरा-चौदा वर्षांचं अंतर असून? तुमच्या दोघींत सहा महिन्यांचं आहे आणि तुम्ही मेसच्या टेबलावर वेगवेगळ्या बसता म्हणे.

मी सरांना पार्टनर बदला म्हणून फोन करणार नाही, आईच्या मागं लागू नको, ती पण करणार नाही. जिल्ह्याची स्पर्धा होईपर्यंत तरी ह्याच जोडीनं खेळ. रोज अर्धा तास तू नुसतं उचल आणि तिला डिफेन्स करू दे, उचललेलं बॅकलाइनला पडतंय का ते तिलाच बघायला सांग. तिचं ऐकायला जड जाईल तुला, माहितीय.

रविवारी आपल्या शेजारचे काका हुतात्मानं पुण्याला येणारेत, त्यांच्याबरोबर शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवतोय, दोघींना पुरेल एवढी. स्टेशनवर घ्यायला जाशील ना ते कळव, त्यांच्याकडं सामान बरंय. तारा बदलायचे पैसे जीपे केलेत, आले का बघ. तारांचं टेन्शन दोन पौंडानं कमी करून घे असं मला वाटतं, पण सरांना विचारून.

पप्पा