दिव्याची ‘प्राणप्रतिष्ठा’?

महोदय,

परवा सांगलीत एका चौकातल्या फलकावर वाचलं : ‘हायमास्ट दिव्याची प्राणप्रतिष्ठा’. हसावं की हात जोडावेत? प्राणप्रतिष्ठा म्हणजे मंत्रांनी मूर्तीत देवत्व आणणं. आमच्याकडे चतुर्थीला गुरुजी मातीच्या गणपतीच्या छातीला हात लावून मंत्र म्हणतात, तुपात बुडवलेली दूर्वा डोळ्यांना लावतात. तोवर आई कुणाला नमस्कारही करू देत नाही. उत्तरपूजेला अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली, की देवत्व गेलं. मग ती कृष्णेवर न्यायची. दिव्याची उत्तरपूजा कधी करणार? (बंद तो तसाही लवकरच पडेल.) त्याला ‘उद्घाटन’ पुरे. आणि ‘प्रतिष्ठापना’ लिहिताना न नळाचा, बाणाचा नव्हे.

– एक वाचक, गावभाग, सांगली