रेडिओवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. शिवाय विमानात घालायच्या हेडसेटसाठी दुकानांचे उंबरठे झिजवणारी पायलट मी एकटी नाही. माझ्यासारखी बरीच पोरं आहेत, आणि त्यांना तुम्ही भेटलेला नाहीत.

जेटचं कॉकपिट शांत असतं असं लोकांना वाटतं. आमच्या बोइंग 737 मध्ये वेग वाढला की नाकावरून आणि काचांवरून घासत जाणाऱ्या हवेचा जो सूं सूं आवाज सुरू होतो, तो उतरेपर्यंत थांबत नाही. पॅनेलमागचे पंखे वेगळेच. त्या सगळ्यातून जमिनीवरच्या कंट्रोलरचा एकेक आकडा नीट ऐकू यायला हवा, म्हणून मी आवाजाचं बटण वाढवत राहायची. घरी यायची तेव्हा कानशिलं ठणकत असायची, आईनं स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू यायची नाही. सीनियर म्हणायचे, "सवय होईल." कसली सवय? कमी ऐकू येण्याची?

आणि विकणारे! एकानं सगळ्यांत महागडा पुढे केला, "डोळे मिटून घ्या मॅडम." घालून बघते म्हटलं तर पॅकिंग फोडायला तयार नाही. दुसऱ्यानं एअरबसचा पाच पिनांचा प्लग असलेला पाठवला, आणि बोइंगला दोन वेगळे प्लग लागतात हे कळवल्यावर फोन उचलणंच बंद केलं. हजारोंचा व्यवहार, पण माझ्या कानांशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

तुम्ही मी आणलेल्या बॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. "चष्मा काढ" म्हणालात. काकूंना टॉर्च धरायला लावून कानामागे दांडीनं पाडलेला लाल वळ पाहिलात आणि विचारलंत, "हे कधीपासून आहे वं?" काका, तेव्हा उत्तर देताना माझा आवाज फुटेना. इतक्या लोकांशी बोलले होते, कान बघणारे तुम्ही पहिले.

मग तुम्ही हेडसेटच्या कानाभोवतीच्या गादीच्या कडेवरून बोट फिरवून दाखवलंत: जाड दांडी गादीला उचलते, फट पडते, आणि तिथूनच आवाज आत शिरतो. एएनआर, म्हणजे हेडसेटमधली आवाज कमी करणारी यंत्रणा, कानावरच्या कपातल्या माइकनं आवाज ऐकून त्याच्या उलट लाट सोडते, पण ती युक्ती चालते मुख्यतः खालच्या घुमणाऱ्या आवाजावर. हवेचा तो सूंकार अडवायचा तर गादी गालाला चिकटलेली लागते. "आधी दांडी बारीक कर, मग हेडसेटचं बोलू." एवढं साधं वाक्य मला कुठल्याच काउंटरवर मिळालं नव्हतं.

कॉकपिटसारखा आवाज व्हावा म्हणून तुमचा तो मोठा डेझर्ट कूलर फुल्ल सोडून मला त्याच्यासमोर बसवलंत, ते मी जन्मात विसरणार नाही. दुरुस्तीला आलेले हेडसेट मला घालायला देण्याआधी प्रत्येकाच्या मालकाला फोन करून परवानगी घेतलीत. इंटरकॉमच्या डब्यातून आर/टी, म्हणजे कंट्रोलर-पायलटचं रेडिओवरचं बोलणं, लावून दर वेळी एकच विचारायचात, "आता आणखी कमी करू? समजून राहिलं का?" सगळ्यांत कमी आवाजात ज्यातून शब्द कळतो, तो आपला. मग एएनआर बंद करूनही ऐकायला लावलंत, कारण सेल कधीही संपतात. किती आवाज किती वेळ सोसावा याचा नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेबही तेव्हाच सांगितलात: 85 डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. फ्लाइंग क्लबात मी ज्यावर शिकले तो हिरवा डेव्हिड क्लार्क कंपनीचा हेडसेट आवाज छान अडवतो, त्याची घट्ट पकड हेच त्याचं बळ. पण लांबच्या उड्डाणात माझ्या डोक्याला ती सोसत नाही, हे तुम्ही मला न विचारता ओळखलंत. निवडलेला हेडसेट नागपूर-दिल्लीला लागतो तेवढा वेळ उतरवू दिला नाहीत. आणि तेवढा वेळ स्वतःही समोर बसून राहिलात. हवाई दलाच्या एएन-32 मालवाहू विमानांच्या रेडिओंवर उभी हयात घालवलेला माणूस, एका अनोळखी पोरीसाठी भर मे महिन्यात दुपारची झोप सोडून.

पैशांचं नाव काढलं तर रागावलात. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोया लागतात, तिथे पेला पुढे करणारा कुणाची ओळख विचारत नाही. ज्याला जे येतं ते त्यानं तहानलेल्याला असंच द्यावं, हे मला तुमच्याकडे बघून पुन्हा पटलं. हल्ली ज्ञान दडवून ठेवणारेच जास्त भेटतात, म्हणून हे मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

आता बारीक दांडीचा चष्मा आहे, माइक ओठाच्या कोपऱ्याशी, तुम्ही सांगितलात तसा बोटभर अंतरावर. आवाजाचं बटण निम्म्याच्याही खाली असतं आणि डोकं दुखत नाही. पायलटांच्या पुढच्या क्लास वन मेडिकलची ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, झाली की रिपोर्ट घेऊन येते. त्याआधी माझ्या बॅचचा एक मुलगा तुमच्याकडे येईल. तोही चष्मेवाला आहे, आणि त्यालाही सगळ्यांनी "सवय होईल" म्हणून सांगितलंय. त्याला जरा बघा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
एक फर्स्ट ऑफिसर, नागपूर