सुपरकॉम्प्युटरचा अंदाज वाडीपर्यंत यायला हवा

संपादक महोदय,

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०२४ ला 'अर्का' सुपरकॉम्प्युटर आला आणि मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान अंदाजाची नवी यंत्रणा सुरू झाली, त्यामुळे आधी १२ किलोमीटरच्या चौकोनाला मिळणारा अंदाज आता ६ किलोमीटरवर आलाय. कोकणासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण आपल्याकडे खाडीच्या तोंडाला ऊन असतं नि त्याच वेळी घाटाखाली धो धो कोसळत असतं, सगळ्या जिल्ह्याला एकच ऑरेंज अलर्ट देऊन काय कळणार? जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते आपण कोणी विसरलेलो नाही.

आता एआय पण यात उतरलंय. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट हे हवामानाचं एआय मॉडेल जुन्या काही दशकांच्या नोंदींवर शिकलंय आणि दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देतं. पण ते शिकतं नोंदींवरूनच ना, मग जिथे पर्जन्यमापकच नाही त्या वाडीचा पाऊस त्याला कसा कळणार? मला हीच खरी काळजी वाटते. मोठी मशीन घेतली हे चांगलंच झालं, पण सोबत डोंगरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ऑटोमॅटिक पर्जन्यमापक बसवा, आणि अंदाज साध्या मराठीत, बोलक्या मेसेजने तांडेलाला होडी समुद्रात न्यायच्या आधी आणि आंबा बागायतदाराला मोहोरावर फवारणी करायच्या आधी मिळू दे. जिल्हा नियोजनात यासाठी वेगळे पैसे ठेवावेत ही मनापासून विनंती.

- एक वाचक, गुहागर