ऑईल फिल्टर घेताना चेसिस नंबर सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन घरात आले, कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हातात पडले की आपल्याकडे गाड्यांची कामे निघतात. त्यात ऑईल बदली पहिली. ऑईलचा डबा लोक निरखून घेतात, भाव करतात. फिल्टर मात्र "स्विफ्टचा द्या", "बोलेरोचा द्या" एवढ्या बोलीवर घेतला जातो. दुकानदार फार तर "पेट्रोल का डिझेल?" एवढेच विचारतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एवढ्यावर भागत होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे नियम आले, एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. तेव्हापासून बोनेटखाली इतके बदलले आहे की नाव सांगून फिल्टर घेणे म्हणजे अंदाजपंचे काम.

स्विफ्टचेच घ्या. हिच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाला पत्र्याच्या डब्याचा फिल्टर नसतोच, झाकणाखाली नुसते कागदी एलिमेंट, म्हणजे गाळणी बसते. पेट्रोल स्विफ्टला डबा फिल्टर लागतो. पण त्यातही आधी चार सिलिंडरचे के-सिरीज इंजिन होते, २०२४ पासून तीन सिलिंडरचे झेड-सिरीज आले. बोलेरोत जुने अडीच लिटरचे इंजिन, नंतरचे दीड लिटरचे एमहॉक, शिवाय बोलेरो निओ वेगळीच. फिल्टर इंजिनाचा असतो, गाडीच्या नावाचा नसतो. आणि एकाच इंजिनातही कंपनी वर्षाच्या मध्येच पार्ट बदलते. डिसेंबरात तयार झालेली गाडी मार्चमध्ये पासिंग झाली की मालक पुढचे वर्ष सांगतो आणि दुकानदार पुढच्या वर्षाचा फिल्टर काढतो.

म्हणून आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर सांगावा. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरवर आरसी उघडली की चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष दिसते. कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर हा नंबर संगणकात टाकला की त्या गाडीला लागणारा नेमका पार्ट नंबर येतो. तो एकदा मिळाला की मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा आणि पेंट मार्करने बोनेटच्या आतल्या बाजूला लिहावा. पुढे यवतमाळला घ्या नाहीतर हिंगणघाटला, दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी त्याच्या डब्यावरची किंवा यादीतली जुळणी या नंबराशी ताडून पाहता येते. जुन्या फिल्टरवरचा नंबर आणि नव्याचा नंबर कधी कधी जुळत नाही. ते दर वेळी चुकीचेच असते असे नाही, कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते. पण तसे आहे हे काउंटरवाल्याने संगणकात दाखवावे, तोंडी सांगू नये.

"बसते न भाऊ, लावून टाका" हे ज्या फिल्टरबद्दल म्हटले जाते तोच सगळ्यात धोक्याचा. न बसणारा फिल्टर लगेच परत जातो. बसणारा पण चुकीचा फिल्टर गाडीखाली राहतो.

आटे पाहा. काही इंजिनांवर फिल्टर ज्या नळीवर चढतो तिला २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधले अंतर) आटे असतात. काहींना पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे, इंचाला १६ आटे. फरक मिलिमीटरभरसुद्धा नाही, डोळ्याने दिसतच नाही, व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावावा लागतो. पाऊण इंची नळीवर २० मिलिमीटरचा डबा गोडीने फिरतो, रबर टेकते, हाताला घट्टही लागतो. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोकेच एकमेकांना धरून असतात. ऑईलचा दाब चालत्या इंजिनात ३ ते ५ बार असतो. इंजिन तापले, पांदण रस्त्यावर दोन-चार हादरे बसले की डबा आटे सोडतो आणि चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) रिकामे व्हायला फार वेळ लागत नाही. उलट, २० च्या नळीवर पाऊण इंची डबा सरळ चढत नाही. पान्याने जबरदस्ती केली की आटे कापले जातात. ओळखायची खूण सोपी आहे: नवा फिल्टर तीन-चार फेरे चढवायचा, रबर टेकायच्या आधी थांबायचे आणि डबा हलवून पाहायचा. किंचित हालला तर ठीक. डुगडुगला तर काढा.

रबरी वायसरचा व्यास दुसरी गोष्ट. इंजिनावर गुळगुळीत घासलेले एक कडे असते, वायसर पूर्ण त्याच्यावरच आला पाहिजे. जुना फिल्टर आणि नवा फिल्टर उलटे करून एकमेकांवर धरले की दोन सेकंदांत कळते.

बाहेरून न दिसणाऱ्या दोन गोष्टी आत असतात. एक, ऑईल मागे उतरू न देणारी रबरी झडप. डब्याच्या तोंडाशी बाजूच्या छिद्रांतून काडी घातली की ती मऊ लागते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही झडप नसेल किंवा कडक झाली असेल तेव्हा रात्रभरात ऑईल चेंबरमध्ये उतरते. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद टायमिंग चेन खडखडते, कारण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. टर्बो असेल तर तेवढा वेळ टर्बोची शाफ्टही कोरडीच फिरते. पूर्ण जोरात ती मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. "सकाळी आवाज येतो, नंतर जातो" अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत चेन बदलायच्या आधी फिल्टर बदलून पाहावा.

दुसरी बायपास झडप. कागद तुंबला किंवा ऑईल फार जाड असले तर ती उघडते आणि ऑईल न गाळताच इंजिनात जाते. इंजिन कोरडे पडण्यापेक्षा घाण ऑईल बरे, एवढाच त्यामागचा हिशेब. ती किती दाबावर उघडावी हे इंजिनानुसार ठरते. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून ब्लॉकमध्येच असते. बाहेरून जुळ्यासारखा दिसणारा, पण लवकर उघडणाऱ्या झडपेचा फिल्टर लावला तर गाडी अर्धा वेळ न गाळलेल्या ऑईलवर धावते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

इथेच आपल्याकडची एक जुनी समजूत आड येते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून "उन्हाळ्यात जाड ऑईल टाका" असे सर्रास सांगितले जाते. ज्या पेट्रोल इंजिनाला कंपनीने ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असे पातळ ऑईल सांगितले आहे त्यात जाड २०डब्ल्यू-४० ओतले जाते. बाहेर ४५ असो की २५, थर्मोस्टॅट इंजिनाचे पाणी ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. ऑईल त्याच पट्ट्यात काम करते. जाड ऑईलचा खरा त्रास पहाटे, थंड स्टार्टला होतो. ते कागदातून लवकर जात नाही, बायपास उघडते, आणि दिवसातली सगळ्यात जास्त झीज होते तेव्हाच इंजिनाला न गाळलेले ऑईल मिळते. शिवाय नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि काहींत ऑईल पंपसुद्धा ठरावीक पातळपणा धरून बसवलेले असतात. बोनेटखाली किंवा पुस्तिकेत जो ग्रेड छापला आहे तोच टाकावा. उन्हाळा-हिवाळा वेगळा नाही.

कागदी एलिमेंटच्या गाड्यांत चूक वेगळ्या जागी होते. नव्या एलिमेंटसोबत रबरी रिंगा येतात, एक मोठी आणि कधी एक-दोन बारीक. मोठी रिंग झाकणाच्या नेमक्या खाचेत बसली पाहिजे. आट्यांवर बसली की पहिल्या दिवशी गळत नाही, आठवड्याने झिरपते. काही एलिमेंटला एका टोकाला प्लास्टिकची बारीक नळी किंवा खुंटी असते. ती खालच्या छिद्रात बसते. नळी नसलेले "तसेच" एलिमेंट लावले तर ते छिद्र उघडे राहते आणि दाबाचे ऑईल गाळल्याविनाच चेंबरमध्ये परत जाते. बहुतेक झाकणांवर २५ एनएम (न्यूटन-मीटर, आवळायच्या जोराचे माप) असा आकडा कोरलेला असतो. तेवढाच जोर लावायचा. हातभर पाइप लावून पाना ओढला की झाकणाला केसासारखी भेग जाते आणि ऑईल तापल्यावरच ती उघडते.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे, गाडी सपाट जागेवर उभी करावी. चेंबरचा बोल्ट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे ऑईल निथळू द्यावे. बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा टाकावा. वीस-पंचवीस रुपयांची वस्तू आहे, पण जुन्याच वायसरवर गळती थांबवण्यासाठी बोल्ट आवळत नेला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. जुना फिल्टर काढल्यावर त्याचा वायसर त्याच्यासोबत आला का, हे बोट फिरवून पाहावे. तो इंजिनालाच चिकटून राहिला आणि त्यावर नवा चढला की दोन रबरे दाबाखाली सरकतात आणि ऑईल पिचकारीसारखे उडते. ऑईलची गळती म्हणून टोचन लावून (ओढून) आणलेल्या गाड्यांत हे हमखास सापडते. नव्या वायसरवर बोटाने ऑईल लावावे, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवावे, मग डब्यावर छापलेल्या आकड्याइतके, बहुधा पाऊण फेरा. पाना लावून आवळायचे काम नाही. फिल्टर उभा बसत असेल आणि आधी थोडे ऑईल भरायचे असेल तर ते कडेच्या छिद्रांतून भरावे. मधले भोक गाळून झालेल्या ऑईलच्या बाजूचे आहे, तिथे पडलेली धूळ सरळ बेअरिंगवर जाते.

सांगितलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओतून स्टार्ट करावे, रेस देऊ नये. ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. तो दिवा दाब जवळजवळ शून्यावर आल्यावरच लागतो, त्यामुळे तो लागलेला असताना गाडी चालवून पाहणे हे निदान नव्हे. विझला तर एक मिनिट चालवून बंद करावे, खाली वाकून पाहावे, पाच मिनिटांनी ऑईल मोजायची पट्टी काढून उरलेले भरावे. लहान पेट्रोल गाडीत फिल्टरसह तीन-साडेतीन लिटर, दीड लिटर डिझेलात चार ते साडेपाच असे माप असते. नक्की आकडा पुस्तिकेत पाहावा. "डबा पाचचा आहे, संपवून टाका" हे करू नये.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यांना कमी राखेचे ऑईल लागते. डब्यावर सी२, सी३ अशी खूण असते आणि सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. साध्या डिझेल ऑईलची राख सायलेन्सरमधल्या जाळीत साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. गाव ते तालुका आठ-दहा किलोमीटर एवढीच गाडी चालत असेल तर काजळी जाळायचे काम अर्धवट राहते आणि जास्तीचे डिझेल ऑईलमध्ये उतरते. पट्टीवर ऑईल वरच्या खुणेच्याही वर चढले आणि डिझेलचा वास आला तर किलोमीटर न मोजता ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलावे. ऑईल "वाढले" म्हणून खूश होणारे मालक आहेत!

दुचाकीत उलटे होते, नसलेला फिल्टर मागितला जातो. स्प्लेंडर, ॲक्टिव्हासारख्या गाड्यांना बदलायचा कागदी फिल्टर नाही, आत जाळी असते, ती धुवायची. पल्सरसारख्यांना मात्र एलिमेंट लागते. मोटारसायकलचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ खूण असलेलेच ऑईल. कारचे उरलेले ओतले की क्लच घसरतो. ट्रॅक्टरला किलोमीटर नव्हे, तास मोजायचे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम आहेत. त्यांचे फिल्टर जुन्या मॉडेलशी जुळतीलच असे धरू नये.

नकली मालाबद्दल दुकानदारांनाच विनंती आहे. बिलावर "ऑईल फिल्टर – १" एवढेच न लिहिता पार्ट नंबर लिहावा. गॅरेजवाल्यांनीही काढलेला फिल्टर आणि नव्याचे खोके मालकाच्या हातात द्यावे. वॉरंटीत इंजिनाचा वाद उभा राहिला तर याच दोन गोष्टी उपयोगी पडतात. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग असतो, तिथे एखाद्या शनिवारी जुने फिल्टर कापून दाखवले तरी पुष्कळ होईल. करवतीने कापू नये, लोखंडाचा चुरा आत पडतो आणि तो इंजिनाचाच आहे असे वाटते. चिमटीने कडा सोलावी, कागद ताणून उन्हात धरावा. घड्या दबलेल्या असतील, चिकटवण सुटलेली असेल किंवा चमचमणारी कणी दिसत असेल तर ते मालकाला तिथेच दाखवावे.

आपले,
काही गॅरेजवाले,
दारव्हा, जि. यवतमाळ