घरात तीन-तीन कुत्री? हो, आणि मजेत!

संपादक साहेब, नमस्कार,

रस्त्यावरच्या कुत्र्यांवर एवढी पत्रं येतात, एक घरातल्यांवरही छापा की. रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक पॉमेरियन, एक डॅशहुंड आणि एक पग आहे, लोक विचारतात वेड लागलंय का, पण खरं सांगू, एकटं कुत्रं दिवसभर आपल्याच मागे मागे फिरतं, तिघं असली की त्यांचंच आपसात चालू असतं, आपण फक्त बघायचं! डॅशहुंड ही जर्मनीत बिळात घुसून शिकार करायला तयार केलेली जात, तो आमच्या गाद्यांखाली बिळं शोधतो. पगचं घोरणं सासरेबुवांच्या वरताण. त्याचं नाक चपटं, म्हणून मे महिन्यात ऊन चढायच्या आत फिरवून आणायचं, नाहीतर नुसत्या धापा. पोहे केले की तिघं समोर हजर, पण कांदा कुत्र्यांना विषारी, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, तेव्हा कितीही केविलवाणं बघितलं तरी देऊ नका (आजी ऐकत नाही, हा वेगळा प्रॉब्लेम). दरवर्षी रेबीजची लस, फिरताना हातात पिशवी, बस. आणि शेजारच्या काकू, भुंकतात ती मान्य, पण कुरिअरवाला आलाय हे तुम्हालाही त्यांच्यामुळेच कळतं ना!

– एक वाचक, इंदूर