‘जात’ आणि ‘वाण’ यांत गल्लत नको

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील मिरचीवरच्या लेखात ढोबळी मिरची ही तिखट मिरचीहून ‘वेगळी जात’ (स्पीशीज) असल्याचे वाचले आणि राहवले नाही. जीवशास्त्र शिकवताना हीच चूक मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत लाल शाईने दुरुस्त केली आहे. ढोबळी आणि नेहमीची लांबट तिखट मिरची हे ‘कॅप्सिकम अ‍ॅन्युम’ या एकाच जातीचे दोन वाण, म्हणजे जातीच्या आतले लागवडीतले प्रकार. ढोबळीत तिखटपणासाठी लागणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला आहे, म्हणून ती गोडसर.

या दोघींचा संकर मी स्वतः केला आहे. संध्याकाळी, उमलण्याआधीच कळीतले परागकोश चिमट्याने काढायचे, सकाळी दुसरीचे पराग बारीक ब्रशने टेकवायचे आणि देठाला खुणेचा दोरा बांधायचा. पहिल्या पिढीतली सगळी झाडे तिखट आली. त्यांच्या बियांपासून झालेल्या झाडांत मात्र साधारण चारात एक बिनतिखट निघाले.

वेगळी जात म्हणावी ती ‘कॅप्सिकम चायनेन्स’. मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७७६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकविन यांनी चीनची समजून तिला हे नाव दिले. तिचा अ‍ॅन्युमशी संकर होतो, पण माझे संकरित झाड फुलांनी लगडले तरी फळांत बिया मोजक्याच धरल्या. दोघींत गुणसूत्रांच्या बाराच जोड्या. मात्र लागवडीच्या अ‍ॅन्युममध्ये पहिल्या आणि आठव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे संकरात जोड्या नीट जुळत नाहीत आणि बरेच पराग वांझ निघतात. मिरचीच्या इतर जातींपैकी ‘फ्रुटेसेन्स’ ही चायनेन्सची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची, ‘बॅकॅटम’ दूरची. जांभळ्या फुलांच्या, काळ्या बियांच्या ‘प्युबेसेन्स’चे तर या बाकीच्या जातींशी जवळपास जुळतच नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा सोबत फुलांची चित्रे जरूर द्या. फळाचा आकार आणि रंग एकाच जातीत वाटेल तसे बदलतात. बॅकॅटमच्या पाकळ्यांच्या तळाशी मात्र हिरवट-पिवळे ठिपके असतात, आणि चायनेन्सला एकाच पेरावर बहुधा दोन-तीन फुले येतात. मुलांना हे भिंगाशिवायही दिसते.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका